चाळीस घरांतली एकच नजर

आमच्या जळकोटकडच्या कुठल्याही घरात जा आणि चहा येईपर्यंत भिंतीकडं बघा. हार घातलेले एक आजोबा तुमच्याकडं बघत असतात. मग शेजारच्या घरात जा, तिथं हार घातलेली एक आजी बघत असते. नाक वेगळं, मिशी वेगळी, कुंकू वेगळं, पण डोळे तेच. जरासे खाली झुकलेले, डावा उजव्यापेक्षा किंचित मोठा, आणि दोन्हींत अशी ओल की आता बोलतील असं वाटावं. असे डोळे चाळीसेक घरांत आहेत. सगळे माझ्या वैजूमामांनी काढलेले.

वैजूमामा म्हणजे वैजनाथ पेंटर. 'वैजू आर्ट, बस स्टँडसमोर.' वय एक्कावन्न, उजव्या करंगळीच्या नखाला कायमचा लाल रंग. एके काळी जळकोटातली प्रत्येक पाटी त्यांची होती. गाड्यांचे नंबर त्यांचे. ट्रॉलीच्या मागची सीनरीही त्यांचीच, म्हणजे दोन डोंगर, मधून सूर्य, एक झोपडी आणि जळकोटात कुणी न पाहिलेली नारळाची झाडं. मग फ्लेक्स आला आणि पाट्या गेल्या. उरले ते मेलेल्यांचे फोटो. लहान फोटो बघून मामा हातानं मोठा चेहरा रंगवून देतात, कारण फ्लेक्सवरचा माणूस दोन उन्हाळ्यांत निळा पडतो, मामांचा माणूस पडत नाही.

मामांचा आवाज काढायचा असेल तर आधी नाकातून हवा सोडायची, मान डावीकडं टाकायची आणि म्हणायचं, "हं... तसं न्हाई बाई ते." मी हा आवाज काढला की मामी स्वयंपाकघरातून त्यांना ओरडते.

मागच्या दिवाळीत आमच्या शेजारगावचे भुजंगराव वारले. तेराव्याला मामा त्यांचा फोटो घेऊन गेले, मीही गेले. सगळ्यांनी माना डोलावल्या, "हुबेहूब, पेंटर, हुबेहूब." मग भुजंगरावांच्या बायकोला, गौरम्माला, पुढं आणलं. गौरम्मा अडुसष्ट वर्षांची, माहेर कर्नाटकातलं, बोलता बोलता मध्येच तिकडचा शब्द टाकणारी. ती बराच वेळ बघत राहिली.

"ह्यो कोन?"

"मालक हायेत तुमचे, गौराक्का," मामा म्हणाले.

"नाक मालकाचं हाय. रुमाल मालकाचा हाय." ती आणखी जवळ गेली. "पर आत कोन बसलंय?"

मला हसू यायला हवं होतं, आलं नाही.

"हेच डोळे माझ्या जावंच्या घरी हायेत. वाण्याच्या म्हातारीला बी हेच. बेडा, बेडा, नको मला! दिसभर परकं माणूस मालकाचं तोंड घालून माझ्याकडं बघत बसंल." तिनं तसबीर उलटी केली आणि भिंतीला टेकवली. "वर्षाचा कार्यक्रम पुढच्या दिवाळीला हाय. तवर मालकाचे डोळे मालकाला दे, वैजू. न्हाई जमलं तर भिंत मोकळी ऱ्हाईल माझी."

अडचण अशी की भुजंगरावांचा धड फोटोच नव्हता. एक होता तो मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचा, डोळ्यांवर तो मोठा काळा चष्मा. दुसरा आधार कार्डावरचा, आणि आधार कार्डावर आपण सगळेच एका गुन्ह्यातले साथीदार दिसतो.

मामांनी दुकानात बसून सात वेळा डोळे खरडले, सात वेळा काढले. गोल काढले, बारीक काढले, मिटत आलेले काढले. रंग वाळला की तेच. शेवटी मला समोर बसवलं. "तुझे काढतो. हालू नको." मी हलले नाही. दीड तासानं फळी माझ्याकडं फिरवली. चेहरा माझा होता, कपाळावरचा व्रणसुद्धा माझाच. आणि त्यातून कुणीतरी दुसरंच माझ्याकडं बघत होतं. मी त्या दिवशी आरशासमोर जाऊन आधी डावा डोळा तपासला.

"माझा हात माझा ऱ्हाईला न्हाई," मामा म्हणाले. नाकातून हवा न सोडता म्हणाले, म्हणून मला ते खरं वाटलं.

नांदेडच्या मनस्विनी मॅडमची ओळख अशी की त्या आधी एकदा जुन्या हातरंगी पाट्यांचे फोटो काढत जळकोटात आल्या होत्या आणि मामांच्या दुकानापुढं अर्धा तास उभं राहून आपलं कार्ड देऊन गेल्या होत्या. त्या गच्चीवर रविवारी चित्रकलेचा वर्ग घेतात. दीडशे वर्षांपूर्वी फ्रान्समध्ये काही चित्रकार उन्हात जाऊन, वस्तू सोडून उजेड रंगवायला लागले, त्यांची पद्धत शिकवतात. मामांनी त्यांचं कार्ड शोधून काढलं. "तू चल," मला म्हणाले. "तुला बोलता येतं." कंधारमार्गे एसटी, जाता-येता सहा तास, आणि मामांच्या पिशवीत इनॅमल रंगाचे पाच डबे.

मॅडमचा आवाज काढायला सोपा आहे. वाक्य गुळगुळीत, आणि शेवटी हलकंसं "हो ना?" त्यांनी पहिल्याच दिवशी डबे बाजूला ठेवले, मामांना तैलरंगांच्या नळ्या दिल्या आणि त्यातली काळ्याची नळी काढून घेतली.

"हा आपण वापरायचा नाही, हो ना?"

"म्याडम, काळ्याबिगर कडा कशी मारू?"

"मारू नका."

"मंग वस्तू संपंल कुठं?"

"दुसरी सुरू होते तिथं."

मामा माझ्याकडं बघायला लागले, जणू मी भाषांतर करणार होते.

वर्गातली कॉलेजची पोरं खुसखुसली. पण मग मॅडमनी एका पुस्तकातलं नदीवरच्या धुक्याचं चित्र समोर ठेवलं आणि नक्कल करायला सांगितलं, आणि पोरं गप्प झाली. ती रंग घोटत बसली होती. मामांनी आयुष्यभर एका फटक्यात वेलांट्या ओढलेल्या. त्यांचा फटका पडायचा आणि तिथंच राहायचा. निळ्याशेजारी गुलाबी, न मिसळता, ओल्यावर ओलं. मॅडम मागं उभ्या राहून म्हणायच्या, "'पाणी' म्हणू नका. 'होडी' म्हणू नका. डावीकडचा करडा, त्याच्या खालचा केशरी, एवढंच म्हणा." सावलीत काळं शोधू नका, सावलीत आभाळाचा रंग पडलेला असतो तो शोधा. डोळे किलकिले करा. आणि चित्र झालं की दहा पावलं मागं जा, कारण जवळून ते चित्र नसतंच, नुसते ठिपके असतात.

मामा दहा पावलं मागं गेले. मीही गेले. वळलो.

धुक्याची नदी सुरेख उतरली होती. आणि पाण्याच्या मधोमध, जरासे खाली झुकलेले, डावा किंचित मोठा.

मी धावत चित्राजवळ गेले. काही नाही. निळा, गुलाबी, करडा. परत मागं आले. होते.

"मूळ चित्रात हे नाहीये," मॅडम म्हणाल्या. 'हो ना' म्हणाल्या नाहीत.

उन्हाळ्यात त्यांनी मामांना गृहपाठ दिला. एकच कडब्याची गंजी, सकाळी, दुपारी आणि चार वाजता, तीन चित्रं. आमच्या रानातली गंजी मामांनी निवडली. बाराच्या उन्हात चिटपाखरू नव्हतं, लांबवर कुठंतरी पंप चालू होता, आणि मामा स्वतःशीच पुटपुटत होते, "उजवीकडचा पिवळा. त्याच्या बुडाला जांभळा. पिवळा. पिवळा." गंजी म्हणायचं नाही, म्हणून नाहीच म्हणाले. संध्याकाळी तिन्ही चित्रं बांधावर एकाशेजारी एक लावली आणि आम्ही दहा पावलं मोजली.

सकाळच्या गंजीत ते डोळे अर्धे मिटलेले होते. दुपारच्या गंजीत टक्क उघडे. चारच्या गंजीत खाली बघत होते, आपण बघतोय हे कळल्यासारखे.

"मामा, मला घरी जायचंय," मी म्हणाले. हा माझा स्वतःचा आवाज होता. मला तो फारसा चांगला येत नाही.

पावसाळ्यात मॅडमनी सगळा वर्ग इस्लापूरला, सहस्रकुंडाच्या धबधब्यावर नेला. मामांनी खडक रंगवले, झाडी रंगवली आणि पाण्याच्या जागी कॅनव्हास कोराच सोडला. "पांढरं हायच की," म्हणाले. मला कळलं होतं कशासाठी सोडला ते. मॅडमलाही कळलं. त्या शेजारी खडकावर बसल्या.

"वैजनाथजी, तुम्ही बघायला छान शिकलात. पण डोळ्यांपाशी आलात की तुम्ही बघत नाही, हात आठवतो. कुणाचे आहेत ते?"

पुढच्या रविवारी मामांनी पिशवीतून बिस्किटाचा जुना पत्र्याचा डबा काढला. आत ब्रशांची टोपणं, एक वस्तऱ्याचं पातं आणि एक छोटा काळा-पांढरा फोटो. अठरा-एकोणीस वर्षांची पोरगी, वेणी पुढं घेतलेली. मी फोटो बघितला आणि खाली ठेवला. चाळीस घरांतले आजी-आजोबा एकदम माझ्याकडं बघायला लागले होते.

"पंधरा वर्षांचा होतो," मामा सांगायला लागले. "उदगीरला उस्तादाकडं शिकायला. एक गडी आला, ह्यो फोटो दिला. म्हनला, मोठा करून ठेवा, आठ दिवसांनी येतो. आला न्हाई. म्हैना झाला, आला न्हाई. उस्ताद म्हनले, पोरा, आता ह्याच्यावर हात बसव, आधी नुसते डोळे. दोन साल म्या रोज हिचे डोळे काढले. साधले तवर उस्तादच गेले."

"आणि बाकीचा चेहरा?"

"काढलाच न्हाई."

"ती कोण, काही..."

"नाव न्हाई. गाव न्हाई. हार घालायचा फोटो हाय का लग्नाला दाखवायचा, तेबी त्यो गडी बोलला न्हाई." मामांनी फोटो उलटा केला. मागं कोरं. "जिती हाय का मेली, म्हाईत न्हाई. आन् मी गावोगाव तिला मेलेल्यात बसवून राहिलोय."

मॅडमनी फोटो पुन्हा सुलटा केला. "म्हणजे हे काम छत्तीस वर्षं अर्धं आहे," त्या म्हणाल्या. "आधी ते पुरं करा. भुजंगराव नंतर."

भाद्रपदातली एक दुपार. मामांनी दुकानाचं अर्धं शटर ओढलं आणि मला दाराशी स्टुलावर बसवलं. फोटोत रंग नव्हते. कुठल्या गालावर उजेड होता एवढंच कळत होतं. तेवढाच उजेड माझ्या गालावर घ्यायचा, तो बघून रंग लावायचा आणि आकार फोटोतला घ्यायचा, असं ठरलं. मला बोलायची बंदी होती. समोर बस स्टँडवर कंडक्टर "उदगीर, उदगीर, उदगीर" ओरडत होता आणि दर वेळी मामांचा ब्रश क्षणभर थांबत होता.

"कानाखाली हिरवा. हनुवटीला शेंदरी. वेणीत निळा." तीन तास. कपाळ झालं, ओठ झाले, गळ्यातली बारीक साखळी एका फटक्यात झाली. मग मामांनी ब्रश ठेवला. डोळ्यांच्या जागी कॅनव्हास कोरा होता.

"मामा, डोळे?"

"ते हिच्यापाशी न्हाईत. म्या वाटलेत चाळीस घरांत." त्यांनी चित्र भिंतीला लावलं. "यायचे तर येतील."

आश्विनात सोयाबीनची काढणी झाली आणि गौरम्माच्या रानात बनीम लागली. बनीम म्हणजे कापलेल्या सोयाबीनचा ढीग. मळणी होईपर्यंत तो पावसात भिजला तर वर्ष गेलं, म्हणून सगळं घर आभाळाकडं बघत असतं. आम्ही गेलो तेव्हा निळी ताडपत्री अर्धी ओढलेली होती आणि पश्चिमेला ढग.

"गौराक्का," मामा म्हणाले, "मालकाचे डोळे कसे होते ते मला सांगू नका. मालक उभे कसे ऱ्हायचे ते सांगा."

ती रानातल्या घरात गेली. बाहेर आली तेव्हा डोक्यावर भुजंगरावांचा पांढरा रुमाल बांधलेला होता आणि लुगड्यावर त्यांचा सदरा. सून दारातच म्हणाली, "अय्यो, अव्वा!" गौरम्मानं लक्ष दिलं नाही. ती बनिमीपाशी गेली, पाय फाकवून उभी राहिली, हनुवटी वर केली आणि हाताची सावली डोळ्यांवर धरली. एवढंच केलं. पण सून दारातून मागं सरकली आणि तिनं पदर डोक्यावर घेतला, सासऱ्यासमोर घेतात तसा.

मी आवाज काढते. आवाज कसा उसना घेतात ते मला माहीत आहे. पण माणूस असा अंगावर चढताना मी पाहिला नव्हता.

तीन दिवस, दुपारी चार ते पाच. पाचला उजेड बदलला की मामा थांबायचे. पहिल्या दिवशी ताडपत्री, बनीम, आभाळ. दुसऱ्या दिवशी सदरा, रुमाल, हात. तिसऱ्या दिवशी हाताखालची सावली राहिली. मामांचा ब्रश तिच्यापाशी येऊन थांबला.

"कुनाचे येतेत बघू," ते हळू म्हणाले. आणि मग कॅनव्हासकडं बघणंच सोडलं. फक्त गौरम्माच्या हाताखाली जिथं सावली पडली होती तिथं बघायचं आणि न बघता हात टेकवायचा. "जांभळा. निळा. जांभळा. वरून लाल, हाताचा. आन् एक बारीक... पांढरा न्हाई. ढगाचा करडा." चार-पाच फटके. डोळा हा शब्द ते म्हणाले नाहीत.

आम्ही दोघं चित्राकडं पाठ करून चालायला लागलो. मी मोजत होते. दहा झाले. दोघंही वळेनात. मी मामांकडं बघितलं, मामा पायाकडं बघत होते. तेवढ्यात गौरम्मा रुमालासकट शेजारी येऊन उभी राहिली, तिनं बघितलं, आणि तिच्या तोंडून बारीक हवा गेली.

मग मी वळले.

बनिमीपाशी भुजंगराव उभे होते. हाताच्या सावलीतून बघत होते, आणि आमच्याकडं बघत नव्हते.

"माझ्याकडं बघून न्हाई राहिले," गौरम्मा म्हणाली. "ढगाकडं बघून राहिले."

"हाव," मामा म्हणाले. "चुकलं का?"

"चुकतंय कुठलं!" ती हसली आणि रुमालाच्या शेवानं डोळे पुसले. "पन्नास वर्षं ह्या मान्सानं माझ्या डोक्यावरनंच बघितलं. मी जेवायला बोलवायची, हे म्हनायचे, थांब, ढग कुठं चाललाय बघू दे." ती चालत चित्राच्या अगदी जवळ गेली, नाक लावलं, आणि झटक्यात मागं आली. "तिथं न्हाईत. तिथं नुसता रंग हाय." पुन्हा दहा पावलांवर आली. "हितं हायेत."

वर्षाच्या कार्यक्रमाला चित्र ओसरीच्या टोकाला लावलं होतं आणि अलीकडं गौरम्मानं रांगोळीची रेघ ओढली होती. पाव्हणे पुढं सरकले की ती ओरडायची, "याच्या म्होरं कुनी जायचं न्हाई! म्होरं गेलं की मालक जातेत!" कीर्तनकारसुद्धा रेघेच्या अलीकडंच उभे राहिले.

फोन यायला लागले ते दुसऱ्या दिवसापासून. पहिला मीच उचलला, आणि तो आवाज मी आठ दिवस सगळ्यांना काढून दाखवला. खर्जातला, सावकाश. "पेंटरसाब हायेत का? न्हाई, तक्रार न्हाई. आमच्या आबांचा फोटो तुम्ही बदलून नेला का?" मग वाण्याची सून आली, घाईघाईत. "मामी, आमच्या म्हातारीची नजर उतरल्यागत कामून दिसायली? काच पुसली तरी तेच." मग गौरम्माची जाऊ. मग घोणसीचा एक मास्तर, शुद्ध भाषेत. "चित्रातील व्यक्ती पूर्वीप्रमाणे पाहत नाही, असे कुटुंबीयांचे म्हणणे आहे." हा मला फार छान जमला. सतरा फोन झाल्यावर मी आवाज काढणं थांबवलं.

मामांनी कुणालाच काही सांगितलं नाही. "हं... वय झालं की रंग बसतो," एवढंच.

आमच्या घरी आजोबांचा फोटो आहे, मामांनीच काढलेला. मी त्याच्यासमोर उभी राहिले. डोळे होते, पण साधे होते, भिंतीवरच्या फोटोत असतात तसे. ओल नव्हती. आईला हाक मारली. आईनं बघितलं. "असेच होते की," म्हणाली, आणि पुन्हा नीट बघत तिथंच उभी राहिली.

मी दुकानात गेले. दुकान आहे सहा पावलांचं, दहा पावलं मागं जायचं तर रस्ता ओलांडून बस स्टँडवर जावं लागतं. दुपार होती, उदगीरची गाडी नुकतीच गेली होती. मी फलाटाच्या कडेला उभी राहिले आणि समोर बघितलं.

भिंतीवरची ती पोरगी बघत होती. जरासे खाली झुकलेले, डावा किंचित मोठा. चाळीस घरांतली सगळी ओल त्या दोन जागी जमा झाल्यासारखी.

मी रस्ता ओलांडला. आत जाऊन कॅनव्हासला नाक लावलं. डोळ्यांच्या जागी कोरं कापड होतं, विणीचे धागे मोजता येत होते. मामांनी तिथं ब्रश लावला नव्हता.

मामा मागं स्टुलावर बसून एका चिठ्ठीवर अक्षरं ओढत होते, एका फटक्यात एक वेलांटी, जुन्या पाट्यांवर असायची तशी. मला दाखवून त्यांनी ती चौकटीच्या खालच्या कोपऱ्यात चिकटवली.

'काम पूर्ण. घेऊन जावे.'

त्यांनी हार आणलेला नाही. कुणी विचारलं तर म्हणतात, हाराचा हाय का लग्नाचा, ते म्हाईत न्हाई. पण आता ते जेवायला घरी येत नाहीत, मामी डबा पाठवते. दुपारी एक ते तीन सगळ्या जळकोटाची शटरं खाली असतात, तेव्हा एक दुकान उघडं असतं. उदगीरची गाडी लागली की मामा ब्रश खाली ठेवतात आणि उतरणाऱ्या प्रत्येक बाईच्या डाव्या डोळ्याकडं बघतात.